न्हाल्यानंतरचे दिवस

"शेवटची पाळी कधी आली होती?" उपकेंद्रातल्या प्रज्ञा सिस्टरने विचारलं, आणि रेश्माने सवयीने सासूकडे पाहिलं.

त्यात नवल काही नव्हतं. देवघराला कुणी कधी शिवायचं नाही हे घरात छबूबाईच ठरवायच्या. त्यामुळे सुनेची पाळी सुनेपेक्षा त्यांनाच जास्त पाठ.

"पोळा झाल्यावर," छबूबाई म्हणाल्या. "मग घटाच्या टायमाला यायची हुती. घरात घट बसल्यालं, इटाळ कसा चालंल? म्हनून मेडिकलमधनं पुढं ढकलायची गोळी आनली."

"दसऱ्यानंतर गोळी बंद केली असेल. मग आली?"

"न्हाई. म्हनलं गोळीची गरमी असंल. यील आज ना उद्या."

या आज ना उद्यामध्ये दिवाळी तोंडावर आली होती. रेश्मा शिर्डीतल्या एका लॉजवर चादरी धुवायची. आठवडाभर साबणाच्या नुसत्या वासाने तिला मळमळत होतं. काय झालंय ते तिला कळलं होतंच. पण कळून घ्यायलासुद्धा अंगात त्राण लागतं.

पट्टीवर दोन रेघा उमटल्या. रेश्माने त्या पाहिल्या आणि तिला ना रडू आलं ना राग. समोरच्या लोखंडी खाटेवर जरा आडवं व्हावं, एवढंच वाटलं. निकिता बारावीला होती, ओम आठवीत. तिला तिसरं नको होतं. तिच्याच्याने ते होणार नव्हतं.

"पन गोळी चालू हुती की, सिस्टर."

"ती गोळी पाळी लांबवते. दिवस राहायचं थांबवत नाही. आणि तुला गोळीच्या आधीच राहिले होते. काही वापरत नाही का?"

"ह्यांना नको वाटतं."

तिच्या नवऱ्याला, रविराजला, तसं बरंच काही नको वाटायचं. दिवसभर फुलांचा टेम्पो चालवून दमतो, असं सगळे म्हणायचे. चादरी धुणारीही दमते, हे कुणी म्हणायचं नाही.

"पन आमी पाळतो," रेश्मा खाली बघत म्हणाली. "पाळीचं न्हानं झालं की पुढचं आठ-धा दिस लांबच ऱ्हातो. त्या दिसांत लगीच ऱ्हातं ना. नंतर काय भ्या नसतं."

सिस्टरने हातातलं पेन ठेवलं. "हे कुणी सांगितलं?"

लग्न झालं तेव्हा माजघरात बसवून हे कुणी सांगितलं होतं ते रेश्माला चांगलं आठवत होतं, पण तिने मान वर केली नाही.

"म्या," छबूबाई म्हणाल्या. "मला माज्या सासूनं सांगितल्यालं."

सिस्टरचा आवाज खाली आला. "आजी, हे उलटं आहे. बीज सुटतं ते मधल्या दिवसांत, पुढची पाळी यायच्या साधारण दोन आठवडे आधी. त्या सुमाराला अंगावरून पांढरं जातं, कच्च्या अंड्याच्या बलकाभोवती असतं तसं, बोटांत धरलं तर तार सुटते. ते धोक्याचे दिवस. पुरुषाचं बीज पोटात चार-पाच दिवस टिकतं, म्हणून त्याच्या आधीचे दिवसही धोक्याचेच. आणि पाळी मागंपुढं होत असेल तर नुसत्या मोजण्यावर विसंबायचंच नाही."

"तसलं जातंय," रेश्मा म्हणाली. "मला वाटायचं अशक्तपना हाय."

"चुकून काही झालंच तर पहिल्या तीन दिवसांत घ्यायची गोळी असते. जितकी लवकर तितकं बरं. आता ती वेळ गेली. तुला काय हवंय, रेश्मा? तू सांग."

"मला नको हाय."

"मग ग्रामीण रुग्णालयात जा, लवकर जा. डॉक्टर तपासून गर्भपात करतील. सही तुझी लागते. नवऱ्याची नाही."

छबूबाई एकटक भिंतीकडे बघत होत्या. मग हळूच बोलल्या, "पानी दिल्या दिल्या कोन पेरतं व्हय? रान जरा सुकून वाफसा येऊ द्यावा लागतोय. जन्मभर रान केलं म्या. आन् एवढं कळू नये." त्या हे कुणाला सांगत नव्हत्या.

बाहेर फाट्यावर दोघी गाडीची वाट बघत बसल्या. छबूबाईंनी मोबाईल सुनेच्या हातात दिला. "रवीला लाव."

"कशाला आत्या? मी सांगते रात्री."

"लाव म्हन्ते ना."

फोन लागल्यावर त्या म्हणाल्या, "उद्या सकाळी टेम्पो दुसऱ्याकडं दे. रेश्माला दवाखान्यात न्यायचीय. काय झालं ते घरी आल्यावर मी सांगते, तू तिला इचारू नको. आन् मी बी येनार." पलीकडून रवी शेजारच्यांना कळेल असं काही बोलला. "लागू दे वास शेजारापाजाऱ्याला," असं म्हणून त्यांनी फोन बंद करायला परत दिला.

रस्त्यावरून साईभक्तांच्या गाड्या जात होत्या.

"मला सात झाली," छबूबाई म्हणाल्या. "चौथीच्या बारीला म्या देवाला म्हनले हुते, आता नको. अंगात रगतच न्हवतं. तरी झाली. दीड वर्साची हुऊन गेली. मला वाटायचं, म्या नको म्हनले म्हनून गेली. कुनाला बोलले न्हाई मी."

रेश्मा या घरात अठरा वर्षं नांदत होती. अशी एक मुलगी होती, हेच तिला माहीत नव्हतं.

"नाव काय हुतं तिचं?"

छबूबाईंनी तोंडावरून पदर फिरवला. गाडी येताना दिसली तशा त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या, आणि सुनेच्या हातातली पिशवी त्यांनी स्वतःकडे घेतली.

"कासाबाई," त्या म्हणाल्या. "चल, आत बस. दाराकडंला नको, वारं लागंल."