एका मिनिटाचा उतारा

खडकीच्या त्या शाळेत सुनीतीबाई दुसरीला शिकवत. वाचनाच्या तपासणीआधी दहा दिवस मुख्याध्यापक रामदास सरांनी त्यांच्या हातात एक कागद ठेवला. बगळ्यावरचा सहा ओळींचा उतारा होता.

"हाच येणार आहे. पाठ करून घ्या."

"सर, मुलं आत्ता कुठे अक्षरं जोडायला लागलीत."

"म्हणूनच सांगतोय."

बाईंनी पाठ करून घेतला. चार दिवसांत वर्ग घडाघडा म्हणू लागला. कागद उलटा धरला तरी कुणी अडेना.

पायल तेवढी नव्हती. तिला कांजिण्या आल्या होत्या. ती उगवली ती थेट तपासणीच्या सकाळी.

तपासायला आलेल्या तरुणाने मोबाइलवर एक मिनिट लावलं होतं. मुलं एकेक करून आली आणि वीस सेकंदांत बगळा उडवून गेली. पायलने मात्र कागदावर बोट ठेवलं. "ब... ग... ळा. बगळा!" तिने मान वर करून बाईंकडे पाहिलं, हसली. पुढच्या शब्दाशी अडली. 'ळ' आणि 'य' पुटपुटत जोडले. "तळ्या... तळ्याकाठी!" दुसऱ्या ओळीवर मोबाइल वाजला.

"बास."

"अहो, ही एकटीच वाचतेय," बाई म्हणाल्या. "बाकीच्यांना दुसरं काहीही देऊन बघा."

"मॅडम, मिनिटात किती शब्द, एवढंच भरायचंय मला."

उतारा मीच पाठ करून घेतलाय, हे बाईंच्या अगदी ओठांवर आलं होतं. रामदास सरांनी त्यांच्याकडे रोखून पाहिलं. बाईंनी पायलच्या पुढ्यातला कागद उचलला.

शाळा विभागात पहिली आली. सरांचा सत्कार झाला. पायलच्या नावापुढे 'वाचता येत नाही' असं आलं आणि तिला पुन्हा अ-आ गिरवणाऱ्यांच्या गटात बसवलं.

तिची आई शकू क्वार्टर्समधलं पोळ्यांचं काम टाकून धावत आली. "बाई, घरी तर ती तेलाच्या पिशवीवरचंसुद्धा वाचते. मग ते खोटंच होतं का?"

"नाही हो. तिला येतं."

"मग तसं लिहा ना."



दुसऱ्या दिवशी बाईंनी पायलला जवळ बोलावून गोष्टीचं नवंकोरं पुस्तक उघडलं. चित्राखाली एकच ओळ होती. पायलने दोन्ही हात पाठीमागे घेतले.

"वाच ना गं."

"तुम्ही आधी म्हणून दाखवा, बाई," ती म्हणाली. "मी पाठ करते."