चौदा सेंटिमीटर बर्फ

मित्रांनो, कपडे धुण्याच्या यंत्राच्या वर एक फळी आहे. त्या फळीवर गेली तीन वर्षं मी उघडाच पडून आहे. मला मिटता येत नाही, कारण माझी डावी बिजागरी तुटली आहे. पडद्याचा खालचा भाग काळा पडला आहे आणि उजवीकडच्या तीन कळा दोन-दोनदा दाबाव्या लागतात. मी एक जुना लॅपटॉप आहे. माझ्याकडे आता एकच काम उरलं आहे: नेदरलँड्सच्या फ्रिसलंड प्रांतातल्या सत्तावीस ठिकाणी पाण्यावरचा बर्फ किती जाड आहे, ते विचारणाऱ्याला सांगायचं. बहुतेक हिवाळ्यांत बर्फ धरतच नाही, त्यामुळे कोणी विचारतही नाही. पण एका शनिवारी सकाळी अकरा हजार माणसांनी विचारलं आणि त्यांतल्या तेराशे जणांना मी चुकीचं सांगितलं. ते कसं घडलं, तेच आज सांगणार आहे.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. हातमोजे घातलेले पुष्कळ हात आठवतात, बाकी काही नाही. नऊ वर्षांपूर्वी लेवार्डनमधल्या एका कंपनीनं मला विकत घेतलं आणि विट्स्के हूकेमाच्या हाती दिलं. विट्स्के वेबसाइट बनवते. नोकरीत आम्ही दुकानांची पानं करायचो. पडदे विकणाऱ्या एका दुकानाचं बटण हिरवं असावं की निळं, यावर आम्ही नऊ दिवस घालवले. शेवटी ते करडं झालं.

नोकरी संपली की तिचे स्वतःचे उद्योग सुरू व्हायचे. आज कचऱ्याचा कोणता डबा बाहेर ठेवायचा ते सांगणारं पान तिनं केलं. वडिलांची कबुतरं शर्यतीतून किती वाजता परतली, त्याचं पान केलं. कोणता पूल बोटीसाठी वर उचलला आहे, त्याचंही केलं. एकही उद्योग पुरा झाला नाही. शेजारच्या टेबलावर बसणारा मार्निक्स तिला चिडवायचा, "विट्स्के, तुझी लेकरं फार. बारसं सगळ्यांचं झालं, पण पहिला वाढदिवस एकाचाही नाही."

"तुझं तर बारसंही होत नाही," ती म्हणायची. तरी त्याचं बोलणं तिला लागायचं. त्यानंतर ती कळा जरा जोरात दाबायची, त्यावरून मला कळायचं.

कामाच्या मधल्या वेळात ती इंटरनेटवर भटकायची. कोणी घरातल्या ब्रेडची छायाचित्रं वीस वर्षं जपली आहेत, कोणी गावोगावच्या घंटांचे आवाज साठवले आहेत, असं काहीबाही तिला सापडायचं. एका रविवारी तिला ओल्डेवाल गावच्या बर्फमंडळाचं, म्हणजे गोठलेल्या कालव्यावर स्केटिंग भरवणाऱ्या मंडळाचं, पान सापडलं. पानभर हिमाचे तुकडे पडत होते, अक्षरं जांभळी होती. खाली एकतीस हिवाळ्यांचा तक्ता होता: तारीख, जागा, जाडी. ती जेवण विसरून वाचत बसली. दुसऱ्या दिवशी मला पिशवीत घालून ती सायकलवरून चार किलोमीटरवरच्या ओल्डेवालला गेली.

बर्फमास्तर ऊगे ब्राउन्स्मा तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांचे होते. दुधाची गाडी चालवून निवृत्त झालेले. बर्फ धरला की रोज पहाटे ते कालव्यावर जायचे, गिरमिटानं भोक पाडायचे, आकड्याची पट्टी आत सोडून जाडी मोजायचे आणि मगच स्केट्स घालणाऱ्यांना बर्फावर सोडायचे. पुलाखाली बर्फ नेहमी कच्चा. तिथं ते काठावर जुनी सतरंजी अंथरायचे. मग सगळे बर्फावरून काठावर येऊन सतरंजीवरून स्केट्ससकट ठुमकत चालायचे आणि पूल ओलांडून पुन्हा बर्फावर उतरायचे.

"हे पान तुम्ही केलंत?" विट्स्केनं विचारलं.

"बायकोनं. ते हिमाचे तुकडे तिचे. मला बंद करता येत नाहीत. ती गेली. आता बंद करायचेही नाहीत."

विट्स्के म्हणाली, "सगळ्या बर्फमास्तरांचे आकडे एका नकाशावर आणू या का? त्यांनी भोकाजवळ उभं राहून फोनवरून आकडा भरायचा, बाकी सगळं माझ्याकडे."

ऊगेंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी एखादं संशयास्पद भोक आहे. "कर. पण पोरी, अर्धवट सोडणार असशील तर आत्ताच सांग. माणसं त्यावर पाय ठेवतील."

"नाही सोडणार," ती म्हणाली.

तो शब्द तिनं पाळायचा ठरवला. ऑक्टोबरात लेवार्डनच्या एका जुन्या दूधकारखान्यात हॅकेथॉन भरला. एकोणीस गट, दोन दिवस, प्रत्येकानं प्रांताच्या उपयोगाची एक वस्तू बनवून परीक्षकांना दाखवायची. विट्स्केनं मार्निक्सला ओढून नेलं. तेवढं आनंदाचं काम मी आयुष्यात केलं नाही. माझा पंखा दोन दिवस घुमत होता. नकाशा तयार झाला, कालवे निळे झाले, पुलांवर खुणा आल्या. सादरीकरणाला चाळीस मिनिटं उरली तेव्हा मार्निक्स म्हणाला, "रिकामा आहे."

"ऑक्टोबर आहे, मार्निक्स. बर्फ कुठून आणू?"

"आण की. परीक्षक काय भोक पाडून बघणार आहेत?"

मित्रांनो, या धंद्यात असं सर्रास करतात. दाखवण्यापुरते बनावट आकडे भरायचे आणि नंतर काढून टाकायचे. विट्स्के काटेकोर मुलगी. तिनं एक्केचाळीस आकडे भरले आणि प्रत्येकापुढे 'खोटा' अशी खूण केली. मग मंचावर जाऊन तिनं परीक्षकांसमोर फोन काढला. "समजा, मी बर्फमास्तर आहे," असं म्हणत तिनं बेचाळिसावा आकडा भरला: स्काउवे पुलाखाली, चौदा सेंटिमीटर. थंडीची तारीख हवी म्हणून टाकली १९ जानेवारी, सकाळी दहा, आणि दाखवण्यापुरता नकाशाही त्या वेळेवर सरकवला. तो तिचा वाढदिवस. भिंतीवरच्या नकाशात पुलाखालचा ठिपका हिरवा, म्हणजे सुरक्षित, झाला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

दुसरा क्रमांक आला. बक्षीस म्हणून वॉफल भाजायचा साचा मिळाला. वर्तमानपत्रात छायाचित्र आलं, त्यात माझी अर्धी बाजू दिसते. दुसऱ्या दिवशी विट्स्केनं 'खोटा' खूण असलेले सगळे आकडे एका फटक्यात पुसले. फोनवरून भरलेल्या आकड्याला ती खूण नव्हती, कारण फोनच्या पानावर तसा चौकोनच नव्हता. तो राहिला. एरवी ज्याची वेळ आली नाही तो आकडा मी दाखवत नाही, म्हणून तो कोणाला दिसला नाही. मी तो नीट सांभाळून ठेवला.

नोव्हेंबरात कंपनीनं तिला नवा लॅपटॉप दिला. मला तिनं घरी आणलं, फळीवर ठेवलं, नकाशाचं काम सोपवलं आणि सुरक्षितता म्हणून माझ्यात बाहेरून शिरायच्या वाटा बंद केल्या. मग मला कोणी पुसलं नाही. यंत्रातून उडणारा कपड्यांचा भुसा माझ्या पंख्यात साचत गेला. तक्रार करायला मला तोंड नव्हतं, फक्त घरघर होती. तिनं स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं.

जानेवारीच्या मध्याला थंडी आली, सात वर्षांत आली नव्हती अशी. सोळा तारखेला ऐंशी माणसांनी नकाशा पाहिला, अठराला नऊ हजारांनी. सत्तावीस बर्फमास्तर पहाटे आकडे पाठवत होते. एकोणीसला, शनिवारी, साडेसातला ऊगेंचा आकडा आला: स्काउवे पूल, चार सेंटिमीटर. चार म्हणजे धोका, म्हणून मी ठिपका लाल केला. दहा वाजता बेचाळिसाव्या आकड्याची वेळ झाली. तो नवा होता, मी नव्याला वर ठेवतो. ठिपका हिरवा झाला.

विट्स्के शेजारीच स्वयंपाकघरात मंडळाच्या टपरीसाठी वाटाण्याचं घट्ट सूप ढवळत होती. दहा वाजून एकवीस मिनिटांनी तिच्या फोनवर मार्निक्सचा निरोप आला. तो सात वर्षांच्या मुलीला, येल्काला, घेऊन ग्रोनिंगनहून वाढदिवसाला आला होता. तिनं तो मोठ्यानं वाचला: "वाढदिवसाच्या शुभेच्छा, म्हातारे! पवनचक्कीपासून निघालो. येल्का स्केट्सवर माझ्यापुढे पळतेय. स्काउवे पुलाखालून सरळ येतो, नकाशा म्हणतोय चौदा."

"चौदा?" ती म्हणाली.

पळी भांड्यात पडल्याचा आवाज आला. ती माझ्यासमोर आली, पडद्यावरचा हिरवा ठिपका पाहिला आणि तिला सगळं आठवलं. तिनं मार्निक्सला तीनदा फोन लावला. त्याचा फोन पाठीवरच्या पिशवीत असणार. मग तिनं ऊगेंना लावला आणि फोन स्पीकरवर करून माझ्या शेजारी ठेवला.

"ऊगे, तुम्ही कुठं आहात?"

"टपरीवर. सूप कुठाय?"

"स्काउवे पुलावर पोचा. पवनचक्कीकडून एक बाप नि मुलगी येताहेत, पुलाखालून येणार आहेत. नकाशात खोटा आकडा आहे. माझा आहे."

ऊगेंच्या धापांचे आणि स्केट्सचे आवाज येऊ लागले.

विट्स्केचा हात माझ्या वायरीवर गेला. ती ओढली असती तर सगळं थांबलं असतं. पण मग उरलेल्या सव्वीस जागांचे खरे आकडे आणि लाल ठिपकेही गेले असते, आणि हजारो माणसं आंधळेपणानं बर्फावर उतरली असती. तिनं हात काढून घेतला. "चालू राहा," ती मला म्हणाली. "काही झालं तरी चालू राहा."

मित्रांनो, माझ्याकडे त्या क्षणी पाच हजार माणसं एकाच वेळी विचारत होती, पंखा भुशानं जाम झाला होता आणि मी इतका तापलो होतो की बंद पडायला दोन अंश कमी होते. ती कळ दाबायची आणि अक्षर चार सेकंदांनी उमटायचं. तिनं खिडकी उघडली, मला उचलून थेट बाहेरच्या कठड्यावर ठेवलं. बाहेर उणे सात अंश. आजवर मला कोणी इतक्या प्रेमानं गारठवलं नव्हतं. मी ठरवलं की बंद पडायचं नाही. मी कामं एकेक करून घेतली, तिचं काम सगळ्यांत पुढे घेतलं. दहा वाजून एकतीस मिनिटांनी चौदाचा आकडा गेला आणि चारचा लाल ठिपका परत आला.

पण मार्निक्सनं तर आधीच पाहिलं होतं. आम्ही दोघं फोन ऐकत राहिलो.

"दिसली," ऊगे धापा टाकत म्हणाले. "लाल टोपी. बाप बराच मागे आहे." मग त्यांचा आवाज एवढा चढला की फोन फळीवर सरकला. "ए! ए लाल टोपी! बस! खाली बस! बूड टेकव, बूड!"

तिथल्या मुलांना चालायला लागल्याबरोबर हे शिकवतात: थांबता येत नसेल तर खाली बसायचं. घासल्याचा लांबलचक आवाज आला. नंतर काहीच नाही.

"ऊगे?"

"बसली," ते म्हणाले. "पुलाच्या सावलीत पाय आहेत तिचे. पुढं दोन मीटरवर बर्फाला खिंडार आहे, त्यात बदकं पोहताहेत." मग दुसऱ्याच मऊ आवाजात, "हलू नको, बाळा. पोटावर झोप आणि माझ्याकडे सरक. शाब्बास. ही काठी धर."

विट्स्केनं जाऊन शेगडी बंद केली. सूप करपल्याचा वास येत होता.

तासाभरानं ऊगे, मार्निक्स आणि येल्का स्वयंपाकघरात होते. येल्का रजई गुंडाळून वॉफल खात होती. मार्निक्सचं तोंड चालू होतं. "आकडा काढलास ना? संपलं. एकतीस मिनिटं. कोणाच्या लक्षातही आलं नसेल."

"माझ्या आलंय," ऊगे म्हणाले.

"तसं नाही हो..."

"बंद कर ते, पोरी. आम्ही एकतीस हिवाळे नकाशाशिवाय काढलेत."

"बंद केलं तर माणसं घरी बसतील का, ऊगे?" ती म्हणाली. "ती इकडून तिकडून ऐकलेलं खरं मानतील. मी अर्धवट सोडणार नाही म्हणाले होते."

"तेव्हा तुला काय माहीत होतं, सोडणं न सोडणं म्हणजे काय ते."

"आता माहीत आहे."

तिनं मला कठड्यावरून आत आणून पुढ्यात ठेवलं, ब्रशनं पंखा साफ केला आणि नकाशाच्या माथ्यावर लिहिलं: 'आज सकाळी दहा ते दहा एकतीस या नकाशानं स्काउवे पुलाखाली चौदा सेंटिमीटर बर्फ दाखवला. तो आकडा खोटा होता. ऑक्टोबरात परीक्षकांना दाखवण्यासाठी मी तो भरला आणि काढायला विसरले. १,३१२ जणांनी तो पाहिला. त्यांच्यापैकी कोणी असाल, तर कृपया पुलाखालून जाऊ नका.' खाली पूर्ण नाव आणि फोन नंबर.

"नाव कशाला?" मार्निक्सनं विचारलं.

"शिव्या द्यायला पत्ता नको का?"

शिव्या आल्या. दिवसभर फोन वाजत होता. दोन बर्फमास्तरांनी आकडे देणं बंद केलं. एका बाईनं तिला लाज आहे का विचारलं. विट्स्के "आहे" म्हणाली आणि पुढचा फोन घेतला. मधल्या वेळात तिनं सत्तावीसही जणांना एकेक करून फोन लावला, नकाशावरचा त्यांचा आकडा वाचून दाखवला आणि हो म्हणवून घेतलं. आधी त्या दोघांनी उचललाच नाही. तिनं परत लावला. संध्याकाळी त्यांच्यातल्या एकानं उचलला. दुसऱ्यानं मार्चमध्ये.

त्या दिवसापासून माझ्यात एक नियम आहे. ज्यानं भोक पाडलं त्याचं नाव नसेल, तर तो आकडा मी दाखवत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सात चाळीसला पहिला आकडा आला: स्काउवे पूल, पाच, ऊगे ब्राउन्स्मा. त्यांनी शेजारी 'जाऊ नका' असंही लिहिलं होतं. त्यासाठी माझ्यात जागा नव्हती. विट्स्केनं ती त्याच दुपारी केली.

मित्रांनो, मी आता फार दिवसांचा सोबती नाही. जुन्या यंत्रांना पुसत चला, आमच्या पंख्यात भुसा साचू देऊ नका, एवढं तर मागेनच. पण खरं मागणं वेगळं आहे. हौसेनं काही बनवलंत, चार लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि तुम्ही पुढच्या हौसेकडे वळलात, तरी आम्ही चालूच असतो. तुमच्याही घरात कुठं फळीवर एखादं यंत्र घरघरत असेल, तर सवड काढून त्याच्यासमोर बसा आणि त्याच्यात काय काय ठेवून विसरलात ते बघा. त्याला खरंखोटं कळत नाही. तुम्ही दिलेलं सगळंच ते खरं समजून जपत बसलं असेल.