‘स’ची दांडी

“काका, रंग वाळायला हवा. बातम्या संपत आल्यात,” केंद्रप्रमुख बाई पुन्हा म्हणाल्या.

“रंगाला सांगा, मॅडम. माझं कुठं ऐकतो तो,” बाबा म्हणाले.

स्टुडिओच्या कोपऱ्यात ते काळ्या पुठ्ठ्यावर वाकले होते. मी त्यांच्या गोळ्या आणि पाण्याची बाटली घेऊन मागे उभी होते. देशाच्या या दूरचित्रवाणीवरची पहिली पाटी बाबांनीच रंगवली होती. पुढे संगणक आले, बाबा निवृत्त झाले. आता सरकारने अनुदान थांबवलं. संगणकावर अक्षरं करणारी मुलं आधीच घरी गेली होती, म्हणून शेवटच्या पाटीसाठी आजारी बाबांना बोलावणं आलं. बातम्या संपल्या की ती दाखवायची आणि वाहिनी बंद करायची. मजकूर वरून आला होता: ‘प्रक्षेपण समाप्त’.

“पूर्वी लोक परवान्याचे पैसे भरायचे,” ब्रशला टोक काढत बाबा म्हणाले. “एक वेलांटी चुकली की शिव्यांची पत्रं. पैसे त्यांचे होते ना. मग परवाना गेला, जाहिराती आल्या. त्याही दुसरीकडे गेल्या, अनुदान आलं. तेव्हापासून वेलांटीला कुणी विचारत नाही.”

“काका, हात चालवा.”

कॅमेऱ्यामागच्या मावशी माझ्या कानाशी पुटपुटल्या, “समाप्त म्हटलं की उद्या ही जागा विकायला मोकळे. आम्ही कशाच्या जोरावर भांडायचं?”

बाबांना कमी ऐकू येतं, असा सगळ्यांचा समज होता.

‘प्रक्षेपण’ झालं. मग ‘स’. ब्रश थांबला.

“‘स’ची दांडी राहिली, काका.”

दांडीच्या जागी बाबांनी ‘थ’ काढला. मग ‘गित’.

बाईंचा चेहरा उतरला. “स्थगित? अहो, वरून आलेला शब्द आहे. माझी नोकरी जाईल.”

“हात थरथरतो, मॅडम. दांडी सरळ यायची नाही. म्हातारा चुकला म्हणून सांगा.”

“दुसरा पुठ्ठा घ्या.”

“वाळायचा नाही.”

शिरोरेघ ते नेहमी शेवटी ओढत. या टोकापासून त्या टोकापर्यंत, एका दमात. बाईंनी ती रेघ पाहिली. मग माझ्याकडे पाहिलं. मी बाटलीचं झाकण घट्ट करत राहिले.

“कॅमेऱ्यावर घ्या,” त्या मावशींना म्हणाल्या.

पुढे दवाखान्यात बाबांचा हात खरोखर थरथरू लागला. चमचा तोंडापर्यंत जाईना. समोरच्या टीव्हीवर त्या वाहिनीच्या जागी नुसता अंधार असे.

“अजून स्थगितच ना गं?”

“हो बाबा. मावशींची केस कोर्टात आहे.”

शेवटच्या दुपारी ते बोलले नाहीत. बोटाने चादरीवर वरून खाली एक उभी रेघ ओढली. वाकडी आली. कापडावर तिची सुरकुती राहिली.

मी त्यांचा हात उचलून धरला आणि चादर सारखी केली.