मागाचा खड्डा

तीन वर्षं मी अळणी खाल्लं. वरण अळणी, भाजी अळणी, बायकोचं बोलणं तेवढं खारट. तक्रार केली नाही. बीपी आहे म्हटल्यावर जिभेला आवर घालायचा, एवढी अक्कल मला आहे. पण हातमाग सुटला ते सोसलं नाही, आजही सोसत नाही.

आमचं घर तांडापेठेत. माग खड्ड्याचा. जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून बसायचं, पायानं पावड्या दाबायच्या, हातानं सुताचा धोटा इकडून तिकडे फेकायचा. बारा वर्षांचा असल्यापासून मी तिथं बसलो. माझ्या पातळाची किनार पाहून इतवारीतले व्यापारी दुसऱ्याचा माल बाजूला सारायचे. फुशारकी म्हणा हवं तर, पण खरी आहे.

एकाहत्तर साली मागावरच मला भोवळ आली. बायको मैनाबाई मला रिक्षात घालून धंतोलीच्या दवाखान्यात घेऊन गेली. तपासणी झाल्यावर मी बाहेर बाकावर पडलो होतो. ती डॉक्टरांच्या खोलीतून इंग्रजीत लिहिलेला कागद घेऊन आली नि माझ्या छातीवर हात ठेवून म्हणाली, "डाक्टरनं मागावर बसू नोका म्हणून सांगतलं. खड्ड्यात पाय सोडले का रक्त डोक्याले चढते म्हणते."

मला पटलं. संध्याकाळी खड्ड्यातून वर आलो की पाय सुजलेले असायचे, हे कुठल्याही विणकराला विचारा. माग तिच्या भावाकडे उमरेडला गेला. खड्डा बुजला, वर फरशी बसली. मुलगा श्रावण पोस्टात लागला होता, घर चालत होतं. त्या फरशीवर खाट टाकून मी तीन वर्षं छत पाहिलं. शेजारी विचारायचे, "तब्येत कशी हाय गा?" मी म्हणायचो, "मस्त." मेलेल्या माणसाला कसला आजार!

बीपी मोहल्ल्यातला कंपाउंडर मोजायचा. गेल्या सोमवारी त्याचं यंत्र बिघडलं, म्हणून मी एकटाच धंतोलीला गेलो. डॉक्टरांनी पट्टा बांधला, आकडा पाहिला, खूश झाले. मग जुना कागद वाचून म्हणाले, "विणकाम किती तास करता हल्ली, नत्थूजी?"

"तुमीच तं मना केलं न साहेब. खड्ड्यात पाय सोडले का रक्त चढते म्हणून."

ते हसले. "खड्ड्याचा नि बीपीचा काय संबंध? मीठ, बिडी सोडा आणि काम दमानं करा, असं लिहिलंय इथं. तुमच्या बायकोला समजावून सांगितलं होतं मी. नुसतं बसून राहायचं नाही."

धंतोलीहून घरापर्यंत पायी आलो. रिक्षात बसून राहणं जमलं नसतं मला. मैनाबाई मेथी निवडत होती.

"डाक्टरनं माग बंद कर म्हटलंच नव्हतं. खोटं काहून बोलली वं तू?"

मला वाटलं, रडेल, पाया पडेल. तिचा हातही थांबला नाही. "हो, बोलली."

"काहून?"

"तुमी मागावर बसले का मले धोट्याच्या कांड्या भरा लागे. पहाटपासून चरखा फिरवा अन् सूत गुंडाळा. श्रावण पोटात होता तवाई भरल्या, बाळंतीण होती तवाई भरल्या. माहा खांदा वर होत नव्हता. तुमाले भोवळ आली अन् चरखा थांबला. म्हटलं, थांबला तं थांबू दे."

"मले सांगाचं होतं."

"सांगतलं होतं. धोट्याच्या आवाजात तुमाले आयकू नाई आलं."

माझा संताप आणखीच वाढला. तिचा खांदा खरा असेल. पण माझी तीन वर्षं काय खोटी होती? चोरानं लुटलं असतं तर पोलिसात गेलो असतो. छातीवर हात ठेवून लुबाडणाऱ्या बाईची तक्रार कुणाकडे करायची?

बीपीच्या गोळीची वेळ झाली. तीन वर्षांत तिनं एकदाही चुकवली नव्हती. ती उठली, एका हातात पाण्याचा पेला, दुसऱ्या तळहातावर गोळी घेऊन समोर उभी राहिली.

"नोको मले तुह्या हातची," मी म्हणालो, नि स्वतःच डबा शोधायला उठलो. फळी पाहिली, कोनाडा पाहिला, देवाजवळ पाहिलं. गोळ्या घरात कुठं असतात, हे मला ठाऊक नव्हतं. ती तशीच हात पुढे करून उभी होती.