स्त्रीपात्रविरहित

देवदत्त मास्तरांचा एक लाडका शब्द होता. तो उच्चारताना त्यांची छाती दोन इंच फुगायची. स्त्रीपात्रविरहित. कोकणातल्या हौशी नाटकवाल्यांना हा शब्द नाइलाजानं शिकावा लागतो. गावात काम करायला बाई मिळत नाही, मिळालीच तर तिचा बाप आडवा येतो, आणि पोस्टातल्या बाळ नावाच्या कारकुनाला लुगडं नेसवावं तर प्रेक्षक शेवटच्या अंकापर्यंत त्याच्या मिशीची जागा न्याहाळत बसतात. म्हणून मग स्त्रीपात्रविरहित. पण मास्तर पडले शाळेत मराठी शिकवणारे. त्यांनी या अडचणीचं तत्त्वज्ञान करून टाकलं होतं.

दोन हजार दोन साली रत्नागिरीच्या केबल चॅनेलसाठी त्यांनी 'वादळातले सात' नावाची मालिका लिहिली आणि बसवली. सात खलाशी, बंद पडलेला ट्रॉलर आणि चहूकडे समुद्र. बाई औषधालासुद्धा नाही. "बायकांना रोज संध्याकाळी सासू-सुना आहेत," ते भेटेल त्याला सांगायचे, "पुरुषाला काय आहे? ही मालिका पुरुषांनी पुरुषांसाठी केलेली आहे." वाक्यात पुरुष दोनदा आला की त्यांचा आवाज आपोआप खर्जात जायचा.

ट्रॉलर होता मिरकरवाडा बंदरातल्या लवू तांडेलाचा. बोट दुरुस्तीसाठी धक्क्याला बांधलेली होती, ती त्यानं शूटिंगला दिली. खोल समुद्रात आठ-आठ दिवस खलाशी काय खातात, कुठे झोपतात, स्टोव्ह कसा पेटवतात, हे सगळं त्यानंच हौसेनं सांगितलं. मास्तरांनी ते जसंच्या तसं उतरवलं. समुद्राशी त्यांचा स्वतःचा संबंध मासे विकत आणण्यापुरताच होता, आणि तेही त्यांच्या पत्नी उमाबाईच आणायच्या.

पाच भाग झाले आणि केबलवाला हरिहर, मास्तरांचाच जुना विद्यार्थी, मान खाली घालून घरी आला. "सर, रागावू नका. सगळी सलूनं पालथी घातली, एस.टी. स्टँडवरही विचारलं. एकही पुरुष आपली मालिका बघत नाही. रविवारपासून त्या वेळेला कुस्ती लावतो म्हणतोय."

मास्तरांना हे फार लागलं. पस्तिशीपासून त्यांनी नाटकं बसवली होती, पण दर आठवड्याला आपलं नाव टीव्हीवर येण्याचं सुख त्यांना पंचावन्नाव्या वर्षी मिळत होतं. ते कुस्तीपायी सोडायला ते तयार नव्हते.

"एक रविवार दे," ते म्हणाले. "पुरुष बघतात हे मी सिद्ध करतो. नाही झालं तर लाव तुझी कुस्ती."

सहाव्या भागाच्या शेवटी पडद्यावर स्पर्धा झळकली. ट्रॉलरचं इंजिन कुठल्या भागात बंद पडलं? उत्तर ताबडतोब फोनवर कळवा. स्पर्धा फक्त पुरुषांसाठी. बक्षीस, दाढीचं संपूर्ण सामान. मास्तर स्वतः हरिहरच्या ऑफिसात वही उघडून फोनपाशी बसले.

फोन खणाणला. पलीकडे बाई. "पयल्या भागात बंद पडला. आमच्या ह्यांच्या नावावर लिवा."

"ह्यांचं नाव काय?"

"इश्श! नाव कसा घेव?"

दुसरा फोन, पुन्हा बाई. तिसरा, चौथा, अकरावा, सगळ्या बायका, सगळ्यांची उत्तरं बरोबर, आणि सगळ्यांच्या ह्यांना नाव नाही. मास्तरांच्या वहीत एकाखाली एक 'आमचे हे' अशी रांग लागली. हरिहर तोंडात रुमाल कोंबून हसत होता. शेवटी लवू तांडेलाच्या यमुनाबाईंचा फोन आला. नावाशिवाय बक्षीस नाही म्हटल्यावर त्यांनी घसा खाकरला.

"मिरकरवाड्याच्या बंदरात ट्रॉलर लागले रांगेत, लवूरावांचं नाव घेते, दाढीचं सामान द्या हातात!"

"यमुनाबाई," मास्तर घायकुतीला येऊन म्हणाले, "लवू बघतो का मालिका?"

"तो कशाक बघल? त्याचा रोजचाच हाय ता. आमी बघतो. आख्खी आळी बघते."

"पण त्यात एकसुद्धा बाई नाही हो!"

"म्हनून तं बघतो! सात बापये आनी बाई न्हाय, मंग भात लावायचा कोनी? भांडी घासायची कोनी? रडायचा कोनी? तुमी सगळा त्यांनाच करायला लावलाव. आमच्या जल्मात आमी असा कायपन बघलेला न्हाय, मास्तर!"

मास्तरांनी फोन ठेवला. आपण पौरुषाची गाथा लिहिली, असं ते समजत होते, आणि मिरकरवाड्यानं ती स्वयंपाकाचा कार्यक्रम म्हणून पाहिली होती.

हरिहर मात्र एकदम खुलला. "सर, कुस्ती रद्द! आपण हे बुधवारी दुपारी दोनला टाकू. पापडवाले जाहिरात द्यायला एका पायावर तयार होतील."

"वादळातले सात, पापडांवर?" मास्तरांनी वही मिटली.

मंगळवारी लवू तांडेल थेट शाळेत आला. नेहमी हसतमुख असणारा माणूस, पण तोंड सुकटीसारखं झालेलं.

"मास्तर, बोटीवर एक बाई घाला."

"अरे, खोल समुद्रात बाई कुठून आणू?"

"कुठूनपन आना. एकवीस वरसा घरात सांगत आलोय, मला चुलीतला काय कळत न्हाय. तुमी दाखवलाव खलाशी कालवन करतो, भाकऱ्या थापतो. आता ती म्हनते, दर्यात येतंय तं घरात का येत न्हाय? काल मला मसाला वाटाय लावलान. बाई येत न्हाय तवर बोट मिळायची न्हाय."

म्हणजे पुरुषांसाठी केलेल्या मालिकेत पुरुषांना हवी होती बाई, आणि बाई नको होती ती बायकांना. मास्तरांनी दोन दिवस विचार केला आणि पुरुषांची बाजू घेतली. त्यात त्यांना फारसे कष्ट पडले नाहीत. गुरुवारी संध्याकाळी त्यांनी सातवा भाग लिहिला. फळीला धरून एक बाई वाहत येते, खलाशी तिला वर ओढतात, आणि ती ओल्या लुगड्यानिशी आधी स्टोव्हपाशी जाते.

मास्तरांचं अक्षर कॅमेऱ्यामागच्या कुणालाच लागत नसे, म्हणून सगळे भाग उमाबाई सुवाच्य लिहून काढायच्या. त्यांनी हा भाग वाचला आणि पेनाचं टोपण लावून टाकलं.

"ही बाई बुडू दे," त्या म्हणाल्या.

"अगं, बोट मिळणार नाही."

"न मिळो. मी हे लिहून काढणार नाही."

"तूसुद्धा? तू तर लिहून काढताना वाचतेस. मग परत टीव्हीवर कशाला बघतेस?"

उमाबाईंनी पेन बाजूला ठेवलं. मग म्हणाल्या, "तिसऱ्या भागात तुम्ही म्हाताऱ्या खलाशाला ताप आणलात. दुसरा त्याच्यासाठी पेज करतो. तांदूळ धुऊन जरासे भाजतो, अगदी मऊ शिजवतो, मीठ शेवटी घालतो. वर तुपाचा थेंब, लोणच्याचा खार. फुंकर घालून वाटी पुढे करतो. हे लवूनं सांगितलं?"

"नाही. तू करतेस तसं लिहिलं. इतकी वर्षं बघतोय ना."

"हां. बघत होतात." उमाबाईंचा आवाज जराही चढला नाही. "गेल्या वर्षी मला मलेरिया झाला. आठ दिवस तुम्ही खानावळीतला डबा आणून माझ्यापुढे बटाट्याची भाजी ठेवत होतात. मला वाटलं, बिचाऱ्यांना काही येत नाही. सत्तावीस वर्षं मी हेच समजत होते. तुम्हाला सगळं माहीत आहे, हे कागदावर वाचून खरं वाटलं नाही, टीव्हीवर बघून पटलं."

मास्तरांना लाज वाटली. पार कानाच्या पाळ्यांपर्यंत वाटली.  त्यांनी कागद पुढे ओढले आणि बाईला फळीसकट बुडवलं.

"बोटीचं बघू काहीतरी," ते म्हणाले. "आपल्याच स्वयंपाकघरात करू शूटिंग. मागे निळी चादर लावू. पेजेचा प्रसंग पुन्हा घेऊ, मी स्वतः खलाशी होतो. कॅमेऱ्यासमोर स्वतःच्या हातानं करून दाखवतो."

"कॅमेऱ्यासमोर कुणीही करील," उमाबाई म्हणाल्या. "कॅमेरा नसताना करा."