बाहेरच्या कोपऱ्यातली सर्व्हिस

समोरच्या मुलीने चेंडू दोनदा आपटला, रॅकेटवर टेकवून धरला, डाव्या हाताची बोटं स्कर्टच्या कडेला पुसली आणि मग चेंडू वर टाकला. सर्व्हिस थेट बाहेरच्या कोपऱ्यात गेली. बारकी जागची हललीसुद्धा नाही.

कडेच्या बाकावर बसलेल्या तिच्या प्रशिक्षक मॅडमचा हात पाण्याच्या बाटलीवर तसाच राहिला.

पुढची सर्व्हिस मधल्या रेषेवर आली. या वेळी बोटं पुसली नव्हती. त्याच्या पुढची पुन्हा बाहेर, पुसली होती. मॅडमनी दोन गेम पापणी न लववता पाहिले आणि बाटलीचं झाकण इतक्या जोरात फिरवलं की ते वाकडं बसलं.

ही खोड त्यांची स्वतःची होती.

एकोणीस वर्षांपूर्वी वर्तमानपत्रं त्यांना ‘तोफ’ म्हणत, आणि ती तोफ म्हणजे हीच बाहेरच्या कोपऱ्यातली सर्व्हिस. दुहेरीत त्यांच्याबरोबर सात वर्षं एकच मैत्रीण खेळली. दोघी इतक्या एकत्र असत की लोक एकीला पाहिलं की ‘जोडी’ अशी हाक मारत, आणि मग त्याही एकमेकींना तेच म्हणू लागल्या. पुढे एका मोठ्या स्पर्धेत, एकेरीच्या उपांत्य फेरीत, समोरची खेळाडू प्रत्येक बाहेरच्या सर्व्हिसला दोन पावलं आधीच सरकून उभी राहिली. तोफेचा पार फुसका बार झाला. आठवडाभर टेप मागेपुढे करून पाहिल्यावर मॅडमना आपली बोटं दिसली. बाहेर मारायची असली की पुसायची, एरवी नाही. सामन्याच्या आदल्या संध्याकाळी ती मैत्रीण, त्यांची जोडी, त्याच खेळाडूबरोबर हॉटेलात एका टेबलावर हसत जेवताना त्यांनी पाहिली होती. बाकीचं मॅडमना कोणी सांगावं लागलं नाही. त्यांनी शब्दाने न विचारता संबंध तोडले.

बोटं पुसणं त्यांनी हट्टाने बंद केलं, तर पाठोपाठ सर्व्हिसही गेली. डबल फॉल्टवर डबल फॉल्ट. दोन वर्षांत त्या निवृत्त झाल्या. मनातली अढी तेवढी निवृत्त झाली नाही.

आणि आज संघातल्या उरलेल्या एकुलत्या एका जागेसाठी त्यांच्या बारकीसमोर कोण उभं होतं, तर जोडीची मुलगी. जोडी पलीकडच्या बाकावर हात जोडल्यासारखे हनुवटीखाली धरून बसली होती. मॅडमच्या अंगाची आग आग झाली. माझं गुपित विकलंस ते विकलंस, वर माझीच सर्व्हिस पोरीला देऊन मोकळी झालीस? बघतेच आता.

पहिला सेट हरून बारकी आली ती रडवेल्या चेहऱ्याने.

“मॅडम, तिची सर्व्हिस कळतच नाहीये मला.”

“कळेल. तिच्या बोटांकडे बघ. स्कर्टला पुसली की चेंडू बाहेर. दोन पावलं आधीच सरक. नाही पुसली तर मध्ये.”

“दर वेळी?”

“दर वेळी.”

बारकीने मान डोलावली, आणि मग एकोणीस वर्षांपूर्वीचीच टेप पुन्हा लागली. बोटं पुसली जात, बारकी सरके, चेंडू आला तसा दणकून परत जाई. दुसरा सेट सहा-एक. तिसऱ्यात जोडीची मुलगी दर पॉइंटनंतर आईकडे बघू लागली आणि आई नुसतेच हात हलवू लागली. मॅडमनी एकेक पॉइंट चवीने पाहिला. इतक्या वर्षांचं उट्टं निघत होतं, त्यांना अगदी गार गार वाटत होतं. शेवटच्या गेममध्ये त्या मुलीने तीनदा बोटं पुसली.

हस्तांदोलनं झाली. जोडी कोर्टाला वळसा घालून आली. केस पांढरे झाले होते, चालणं तेच होतं.

“बसू का गं?”

मॅडमनी बॅग थोडी सरकवली.

“छान खेळली तुझी पोरगी.”

“हं.”

“तू का तोडलंस ते मला कधी कळलं नाही. विचारायची हिंमतही झाली नाही. आज लाज गुंडाळून आलेय, पोरीसाठी. आजची जागा गेली ती गेली. आता पुढची निवड दोन वर्षांनी. तोवर तिचं काय चुकतंय तेवढं सांग. तुझ्याइतकी सर्व्हिस कोणाला कळते?”

“तूच शिकवलीस ना?”

“मी कसली शिकवतेय! मधली तिची तिची आहे. पण ती बाहेरची, ती तुझी. तू पहिली फायनल जिंकलीस ना, तिची टेप आहे माझ्याकडे. लावून लावून झिजली. हुबेहूब यायला हवी म्हणून मी तिला काही म्हणजे काही गाळू दिलं नाही. अगदी ते बोटं पुसणंसुद्धा.” जोडी हसली. “मी आपली सामन्यांत कायम नेटपाशी, तुझ्याकडे पाठ करून. सरावात कधी एवढं लक्ष दिलं नाही. टेपवरच पहिल्यांदा नीट बघितली बघ. पोर विचारते, आई, बोटं कशाला पुसायची? म्हटलं, मावशीला घाम येत असेल. घामच ना गं?”

मावशी. त्या बोटांचा अर्थ जिला ठाऊक असेल, ती आपल्याच पोरीला तसं करायला शिकवेल? बारकीला ते कळायला त्यांचं एक वाक्य पुरलं होतं. उपांत्य फेरीतल्या त्या खेळाडूला तर तेवढंही लागलं नसेल, दोन डोळे पुरले असतील.

“घामच,” त्या म्हणाल्या.

“वाटलंच मला.” जोडीने उठताना त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, जुन्या सवयीने, आणि ती निघाली.

बारकी टॉवेलने मान पुसत आली आणि हळू आवाजात म्हणाली, “मॅडम, ते बोटांचं कोणाला सांगायचं नाही हं. पुढच्या निवडीलाही तीच असेल समोर.”

मॅडमची नजर समोर गेली. पलीकडच्या बाकावर जोडी मुलीपाशी वाकून काहीतरी सांगत होती. मुलीने डोळे पुसले, मान डोलावली आणि इकडे बघून मॅडमना हात केला. मग रिकामा हात उचलून तिने ती सर्व्हिस एकदा नुसतीच करून पाहिली. आधी बोटं नीट स्कर्टला पुसली.

“जोडी!”

एकोणीस वर्षांत ती हाक मारली नव्हती. आवाज इतका मोठा निघाला की बारकी दचकली आणि पलीकडे आई नि मुलगी, दोघीही वळल्या.

मॅडम उठल्या. वळसा न घालता सरळ कोर्टावर उतरल्या आणि नेटपाशी जाऊन थांबल्या.

“इकडे ये,” त्या म्हणाल्या. “तिलाही आण. घाम नव्हता तो.”