न ऐकलेलं उत्तर

प्रफुल्लनं स्टुडिओच्या संगणकावर तोच फोल्डर पुन्हा उघडला. आत काहीच नव्हतं.

काउंटरपलीकडे बिजलीबाई तान्ह्या नातीला मांडीवर घेऊन बसली होती. तिचा मुलगा प्रेमसिंग दुसऱ्याच्या कपाशीवर फवारणी करताना विष भिनून गेला. त्याच्या लग्नाचे फोटो दारव्ह्याच्या याच स्टुडिओनं काढलेले. घरचा अल्बम गळक्या छपराखाली भिजून लगदा झाला होता.

"सापडला का, बाबू?"

"पाहून राह्यलो, मावशी."

पाहण्यासारखं काही उरलंच नव्हतं. फोटो साठवायचा प्रोग्राम प्रफुल्लनं स्वतः लिहिलेला, आणि त्याची फुशारकीही सगळ्या बाजारात मारलेली. एक बटण दाबलं की प्रोग्राम आतूनच संगणकाला दोन हुकूम सोडायचा: आधी फोटो बाहेरच्या डिस्कवर उतरव, मग इथले पुसून टाक. पहिलं काम झालं की नाही, हे संगणक सांगतो. पण हा शहाणा प्रोग्राम ते उत्तर ऐकायला थांबतच नसे. प्रेमसिंगच्या लग्नाचे फोटो उतरवले त्या दिवशी डिस्क भरलेली होती. संगणकानं जमलं नाही असं सांगितलं असणार, ऐकायला कोणी नव्हतं. पुसलेल्या जागेवर मग दुसऱ्यांची लग्नं येऊन बसली.

"फोटो गेले, मावशी. चूक माहीच हाय."

बिजलीबाई नातीचे पाय चोळत राहिली.

"मले कायले पायजे फोटो? माह्या डोयात हाय तो. पन हिनं बाप पाह्यलाच नाही ना. मोठी झाल्यावर इचारीन, तं काय दाखवू?"

लग्नात दिवसभर प्रफुल्लनं कॅमेऱ्यातून प्रेमसिंगलाच पाहिलं होतं, आणि आता चेहरा काही केल्या आठवेना. त्याची त्याला फार लाज वाटली.

बिजलीबाईनं नातीचं टोपडं काढलं, पदरानं तिचं तोंड पुसलं.

"हिचाच काढ. नाक, कपाळ त्याचंच हाय. हाच दाखवीन, म्हनीन, असा होता तुहा बाप."

त्यानं फोटो काढला. कॅमेरा संगणकाला जोडला, तेव्हा तिनं विचारलं,

"हा तं राहीन ना?"

'हो' अगदी ओठांवर आलं होतं, पण म्हणवेना. त्यानं प्रिंट काढली, उजेडात धरून नीट पाहिली आणि तिच्या हातात दिली.

"हा तुमच्यापाशीच ठेवा, मावशी. माह्यावर सोडू नका."